तिथी पाहून निघा : तीन पिढ्यांना घेऊन कर्द्याच्या समुद्रावर

दोन वर्षांची नात आणि पंचाहत्तरीचे आजोबा यांचं घड्याळ जवळजवळ सारखं चालतं. दोघंही पहाटे उठतात, दुपारी आडवे होतात, जेवायला उशीर झाला की कावतात आणि रात्री नऊला पेंगतात. सहलीचा बेत मात्र आखते मधली पिढी, जिला सुट्टीत नऊपर्यंत लोळायचं असतं आणि दुपारी दोनला जेवायचं असतं. तीन पिढ्यांची समुद्राची सहल बिघडते ती बहुतेक इथेच. म्हणून पहिला नियम असा की, वेळापत्रक सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माणसाच्या सोयीने लावायचं, त्याला भरती-ओहोटीची जोड द्यायची आणि मधल्यांनी त्यात आपली जागा शोधायची.

खालचा सगळा हिशोब दहा जणांच्या घराचा आहे : आजी-आजोबा, दोन जोडपी, आणि २, ५, ९ व १४ वर्षांची चार मुलं. मुक्काम तीन रात्रींचा, ठिकाण दापोली तालुक्यातलं कर्दे. कर्दे आणि शेजारचं मुरुड इथला किनारा लांब, सपाट आणि बारीक वाळूचा आहे. बहुतेक रिसॉर्ट माडा-पोफळीच्या वाडीत, वाळूला लागून आहेत, त्यामुळे आजोबा ओसरीत बसूनही नातवंडं दिसतात. लाडघरला वाळूबरोबर गोटे आणि खडक आहेत. गणपतीपुळ्याला दर्शनाला अवश्य जावं, पण तिथल्या पाण्याला ओढ आहे आणि माणसं बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, तेव्हा लहान मुलांच्या डुंबण्यासाठी ते ठिकाण निवडू नये.

तारीख कशी काढायची

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्यात आंबा मिळतो खरा, पण सकाळी साडेनऊनंतर वाळू चटके देते आणि दमट उकाड्यात म्हाताऱ्या माणसांचा जीव नकोसा होतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा शक्य असेल तर सोडा : खोल्या महाग, स्वयंपाकघरावर ताण आणि किनाऱ्यावर गाड्यांचा धुडगूस.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी पाहा. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला आणि संध्याकाळीही साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं असेल. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे पावणेदोन. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अमावास्येला पंधरा धरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील कोष्टकाशी किंवा अ‍ॅपशी ताडून घ्या. मुंबईचं कोष्टक वापरत असाल तर इतकं लक्षात असू द्या की दक्षिणेकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते.

हा हिशोब मुलांसाठी का महत्त्वाचा? मुलं पाण्यात उतरतात ती संध्याकाळी चार ते सहा या वेळात. त्या वेळी पाणी चढत असलेलं बरं. चढत्या पाण्यात माणूस किनाऱ्याकडे ढकलला जातो, उतरत्या पाण्यात पायाखालची वाळू निसटते आणि पाणी आत ओढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या दरम्यान असते, म्हणजे चार ते सहा हा नेमका जोराच्या ओहोटीचा वेळ. वर ते उधाणाचे दिवस, पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर ते इतकं दूर जातं की मुलं त्याच्या मागे धावत सुटतात आणि मोठ्या माणसांच्या टप्प्याबाहेर जातात.

याउलट नवमी ते द्वादशी हे भांगाचे दिवस. चढ-उतार कमी, पाणी त्या मानाने शांत, आणि ओहोटी दुपारी एक ते सव्वातीनच्या मधे संपून संध्याकाळी पाणी हळूहळू चढत असतं. तीन रात्री याच तिथ्यांमध्ये बसवा. एकादशी मधे येते, ती आजींचा उपास आणि रिसॉर्टचा स्वयंपाक या दृष्टीने आधीच ध्यानात ठेवा. घरी चतुर्थी, गुरुवार, शनिवार पाळत असतील तर तेही याच कॅलेंडरवर दिसेल. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारीच सुट्टी मिळत असेल तर जायला हरकत नाही, मात्र मग पाणी सकाळी आठ ते दहा या वेळात खेळायचं, आणि संध्याकाळ फक्त वाळूची.

चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या. चार दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा एका कार्डावर लिहून खोलीच्या दारावर चिकटवायच्या आणि रोज सकाळी सगळ्यांना सांगायच्या. या वयाची मुलं अशा सहलीत कंटाळतात ती आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून. खरी जबाबदारी दिली तर ती चोख पार पाडतात.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

फोटो पाहून बुकिंग करू नका. फोटोत समुद्र दिसतो, बाथरूमचा उंबरा दिसत नाही. मालकाला व्हिडिओ कॉल करा आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत, तिथून ओसरीपर्यंत आणि पुढे वाळूपर्यंत फोन हातात धरून चालायला सांगा. कोकणातले मालक हे आनंदाने करतात. जो टाळाटाळ करतो तिथे जाऊ नये. चालताना हे विचारून घ्या :

- तळमजल्यावर किती खोल्या? वाळूपर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि त्यांना कठडा आहे का?
- कमोड आहे ना, आणि त्याच्या शेजारी भिंतीला धरायला काही आहे का?
- लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात की पंखेही? जनरेटर किती वाजता बंद करता?
- पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि कडी आहे का? लहान मुलांचा भाग मोठ्या तलावाला जोडून आहे की वेगळा?
- रात्रीचं जेवण मुलांसाठी साडेसातला मिळेल का?
- फ्रिजमध्ये औषध ठेवायला जागा आहे का?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोठा. समुद्र दिसणारी वरची खोली मान म्हणून आजी-आजोबांना दिली जाते आणि मग दिवसातून सहा वेळा जिना चढून त्यांचे गुडघे दुसऱ्याच दिवशी संपावर जातात. त्यांना खालची, ओसरीची खोली द्या. शेजारची खालची खोली दोन वर्षांच्या बाळाच्या आई-बापांना. वर जाऊ द्या मोठ्या मुलांच्या घराला.

दहा जणांना तीन खोल्या आणि दोन जादा गाद्या पुरतात. लहान मुलाला उंच पलंगावर झोपवण्यापेक्षा दोन गाद्या जमिनीवर भिंतीला लावून घाला. खोलीचे दर, जादा गादीचे पैसे, पाच वर्षांखालच्या मुलाचे पैसे, जेवण धरून की वेगळं, आणि येताना-जातानाची वेळ हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम भरण्याआधी रद्द केल्यास किती परत मिळेल, हे पण. घरात आजारी माणूस असला की बेत रद्द होण्याची शक्यता गृहीतच धरावी लागते.

बाथरूमबद्दल थोडं सविस्तर, कारण अशा सहलीतलं हाड मोडतं ते समुद्रात नाही, इथे. संध्याकाळी सात-आठ जण ओले, वाळूने माखलेले परत येतात. प्रत्येकाच्या पायाबरोबर मूठभर वाळू फरशीवर येते. तिच्यावर साबणाचं पाणी पडतं आणि गुळगुळीत फरशीवर ती बारीक वाळू बेअरिंगसारखी गरगरते. रात्री दोनला आजोबा अंधारात उठतात. तेव्हा घरून खाली चिकटणारी रबरी चटई आणि एक प्लॅस्टिकचं बसकं स्टूल आणा. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवा किंवा वाटेत लहान दिवा लावा. वाळू आत येऊच नये म्हणून ओसरीच्या पायरीशी दोन बादल्या भरून ठेवा, एक पाय बुडवायला आणि एक मगाने ओतून घ्यायला. मुलांच्या अंगाला चिकटलेली कोरडी वाळू टाल्कम पावडर लावून पुसली की झटकन सुटते आणि कातडी सोलवटत नाही.

प्रवास

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड आणि मग दापोली असा रस्ता आहे. म्हातारी माणसं आणि मुलं सोबत असली की थांबे धरून सहा-सात तास लागतात, कधी जास्तही. पहाटे साडेपाचला निघा. मुलं झोपेतच घाट उतरतात आणि माणगावच्या बाजारपेठेत गर्दी व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. दीड तासापेक्षा जास्त सलग बसू नका. आजोबांना पाय मोकळे करायला दहा मिनिटं लागतात, ती द्या.

तेरा आसनी गाडी की दोन मोटारी? मोठ्या गाडीत सगळे एकत्र गातात-बजावतात हे खरं. पण मागच्या चाकावरच्या सीटवर बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा मणक्यात लागतो आणि लहान मुलाची सीट नीट बांधता येत नाही. दोन भरवशाचे चालवणारे असतील तर दोन मोटारी चांगल्या. कुणाला डॉक्टरकडे न्यावं लागलं तर दुसरी गाडी हाताशी राहते, आणि एक गट दमला तर तो लवकर परतू शकतो.

घाटात उलटी होणाऱ्या मुलाला निघताना दूध देऊ नका. कोरडी पोळी, खाकरा किंवा दोन बिस्किटं एवढंच. त्याला समोर रस्ता दिसेल असं बसवा आणि मोबाइल काढून घ्या. उलटीवरची गोळी बाळाच्या डॉक्टरांना विचारून, घाटाच्या तासभर आधी द्यायची असते. घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग होत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे तीसेक किलोमीटर गाडीने दापोली गाठता येते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे दहा जणांना दोन तिकिटं लागतील. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तिकिटावर ते एकटे किंवा दोघंच असतील तरच. खेडला गाडी जेमतेम थांबते. सामान आणि मुलं आधीच्या स्टेशनलाच दाराशी आणा, आणि एक धडधाकट माणूस पहिला उतरवून त्याच्या हाती आधी मूल, मग आजी, मग बॅगा द्या.

औषधांची पिशवी

ही पिशवी डिकीत नाही, पायाशी. आजी-आजोबांच्या रोजच्या गोळ्या मुक्कामाच्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि त्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. प्रिस्क्रिप्शनचा फोटो तिघांच्या फोनमध्ये असावा. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वापरातलं बहुतेक इन्शुलिन ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकतं, पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते तासाभरात वाया जातं. बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. टॉवेलमध्ये गुंडाळून थंड पेटीत ठेवणं बरोबर.

ओआरएसची दहा पाकिटं घ्या आणि प्रत्येक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवा. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर ते मुलाला अपाय करतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थर्मामीटर, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, बँडेज, चिमटा, व्हिनेगर नको (त्याचं कारण पुढे), आणि गरम पाण्यासाठी एक थर्मास.

दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. पोहोचल्यावर मालकाला विचारा की रात्री दोन वाजता कुणाला न्यायचं झालं तर कुठे आणि किती मिनिटांत. रुग्णवाहिकेचा १०८, मदतीचा ११२ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर कार्डावर भरती-ओहोटीखालीच लिहा.

पाण्यात

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्या पोहोचल्या मुलं पाण्याकडे धावतील. थांबवा. आधी रिसॉर्टच्या माणसाला किंवा जवळच्या होडीवाल्याला विचारा : पोरांना कुठे उतरवता, कुठे नाही? किनारा दर वर्षी बदलतो, वाळूचे बांध सरकतात, मधे खळगे पडतात. हे त्याला पाठ असतं.

मग स्वतः दहा मिनिटं उभं राहून पाहा. लाटा सगळीकडे फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसला, तर तिथेच मुलांना सोडावंसं वाटतं. तीच सगळ्यात वाईट जागा. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जात असतं, म्हणून लाट फुटत नाही. खाडीच्या तोंडाशी, जसं आंजर्ल्याला जोग नदी मिळते तिथे, ओहोटीत कुणीच पाण्यात उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा.

मुलांच्या मर्यादा शब्दांत सांगू नका, दाखवा. वाळूत दोन काठ्या रोवून त्यांना लाल फडकं बांधा, त्यांच्या मधेच खेळायचं. खोली लहान्यांना त्यांच्या गुडघ्याइतकी, नऊ वर्षांच्याला कमरेइतकी. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी, पोपटी किंवा गुलाबी घ्या. निळा, पांढरा आणि करडा रंग फेसाळ पाण्यात दोन पावलांवरही दिसेनासा होतो.

आता पहारा. किनाऱ्यावर सहा मोठी माणसं आहेत म्हणजे मुलं सुरक्षित, असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा पाहतोय. म्हणून नाव घेऊन पाळी लावायची, २० मिनिटांची. गळ्यात शिट्टी, शिट्टी ज्याच्याकडे तो पहाऱ्यावर. त्याने फोन खिशात ठेवायचा नाही, आजींकडे द्यायचा. गप्पा नाहीत, फोटो नाहीत, आणि ज्याने बिअर घेतली त्याला त्या दिवशी शिट्टी मिळणार नाही. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर त्याच्यासाठी वेगळा माणूस, हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. बुडणारं मूल ओरडत नाही आणि हात हलवत नाही. तोंड पाण्याशी येतं, डोकं मागे जातं, आणि अर्ध्या मिनिटात ते खाली जातं. दंडाला बांधायच्या हवेच्या बाह्या आणि रबरी ट्यूब ही खेळणी आहेत, वाऱ्याने तीच मुलाला आत नेतात. जॅकेट घ्यायचं तर मुलाच्या वजनाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे.

पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकण लावलेला प्लॅस्टिकचा कॅन पंधरा मीटर दोरीला बांधून काठीशी ठेवा. कुणी ओढलं गेलं तर पोहत मागे जाऊ नका, कॅन फेका. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, हे दर वर्षी होतं. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजू नये. पाठीवर तरंगावं, हात वर करावा आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबणं, त्याला उलटं टांगणं यात जीव जातो. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करायचा. शुद्धीवर आला, खोकतोय, दम लागतोय, तरी दवाखान्यात न्यायचंच.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने तंतू काढा, चोळू नका. गोडं पाणी ओतू नका. पावसाळ्याच्या आगेमागे येणाऱ्या निळ्या फुग्यांसारख्या जातीवर व्हिनेगरने उलट त्रास वाढू शकतो, म्हणून ते पिशवीत नको म्हटलं. मोठ्या माणसाला सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवला की ठणका कमी होतो. पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, त्याच्या काट्यावरही पहिला उपाय गरम पाणीच, मग डॉक्टर. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालायला मुलांना शिकवा, पाकट चाहूल लागून निघून जातं.

वाळूतही दोन धोके आहेत. मुलं खड्डा खणतात आणि त्यात उतरतात. ओली वाळू कडेने ढासळली की मूल छातीपर्यंत गाडलं जातं. खड्डा सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको आणि उठताना तो बुजवायचा. दुसरा धोका गाड्यांचा. मनाई असली तरी हौशी लोक मोटारी वाळूवर घालतात, शिवाय घोडागाड्या आणि चार चाकी बाइक असतातच. गाड्या जिथून वाळूवर उतरतात तिथून दोनशे पावलं लांब बसा. तुमची गाडी वाळूवर नेऊ नका : ओहोटीला कडक वाटणारी जमीन चाक रुतल्यावर तासाभरात पाण्याखाली जाते.

रिसॉर्टच्या तलावाचंही तेच. तळाची फरशी स्पष्ट दिसत नसेल तर पाण्यात पाय घालू नका. खरा धोका पहाटेचा, मोठे झोपलेले असताना कडी काढून लहानगं बाहेर पडतं. दाराच्या आतल्या बाजूला घुंगरू किंवा देवघरातली लहान घंटी बांधा. आजींना आवाजाने जाग येतेच.

आजी-आजोबांचा समुद्र

त्यांना सकाळ द्या. साडेसहा-सातला, पाणी कितीही असो, ओलसर कडक वाळूच्या पट्ट्यावर चालणं गुडघ्यांना सोपं जातं. भुसभुशीत कोरड्या वाळूत काठी रुतते आणि घोटा मुरगळतो. हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मालकाकडून मागून घ्या, तिच्या पायांखाली फळी ठेवा, नाहीतर मागचे दोन पाय वाळूत जाऊन खुर्ची कलंडते. खुर्ची माडाखाली मांडू नका. सावली छान असते, पण नारळ आणि झावळ्या पडतात.

मधुमेह असलेल्यांनी वाळूवर अनवाणी चालू नये, मग कुणी कितीही आग्रह करो. पायाची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही, शिंपल्याने कापलेलं कळत नाही, आणि रात्री मोजा काढताना रक्त दिसतं. बोटं झाकणाऱ्या, पाण्यात चालणाऱ्या सँडल वापरा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, फोनच्या उजेडात तळवे नातवंडाने तपासावेत. पाच वर्षांच्या मुलीला हे काम फार आवडतं आणि तिची नजर कुणाहीपेक्षा बारीक असते.

त्यांना राखणदार समजू नका. "आई, जरा बघ हं," म्हणून दोघं जोडीने निघून जातात आणि सत्तरीच्या बाईला धावत्या पोराच्या मागे वाळूत पळावं लागतं. पाण्याच्या पहाऱ्याची शिट्टी त्यांच्याकडे कधीच नको. मुलं झोपल्यावर ओसरीत बसून तासभर लक्ष ठेवणं त्यांना जमतं आणि आवडतं, तेही आधी विचारून. त्या तासात जोडप्यांनी किनाऱ्यावर फिरून यावं, आळीपाळीने.

रात्री वाडीत टॉर्चशिवाय कुणी फिरू नये. जांभ्याच्या गडग्यांमध्ये फुरशी आणि विंचू असतात. चपला झटकून घाला. विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर ठीक, पण घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर तो लाल विंचू समजून ताबडतोब रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनचा उपचार कोकणात रुळला आणि वेळेत पोहोचलेला रुग्ण वाचतो.

जेवण आणि बाकीचे तास

कोकणातल्या घरगुती स्वयंपाकघरात ऑर्डर आदल्या रात्री द्यायची पद्धत आहे. सकाळी बाजारातून मासळी मोजून येते. आकडे लिहून द्या : इतक्या सुरमई थाळ्या, इतक्या शाकाहारी, एक उपासाची, आणि साडेसातला मुलांचा तूप-मेतकूट घातलेला मऊ भात. मोदक हवे असतील तर एक दिवस आधी सांगा. लहान मुलांना सुरमईचा मधल्या काट्याचा तुकडा द्या, काटा एका झटक्यात निघतो. तारली-पेडवे मोठ्यांनीच खावेत. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कोळंबी मुलाला पहिल्यांदा देत असाल तर दुपारी, थोडी, आणि ओठ सुजतात का ते पाहून. सोलकढी दुपारची रात्री पिऊ नये, नारळाचं दूध उकाड्यात लवकर फिरतं.

दिवसाची चौकट अशी ठेवा : साडेसहाला फिरणं, साडेआठला नाश्ता, नऊ ते साडेदहा वाळू किंवा तलाव, साडेबाराला जेवण, एक ते साडेतीन सगळ्यांना सक्तीची विश्रांती, चार ते सहा समुद्र. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि त्यानंतर कुणीही पाण्यात नको. सनस्क्रीन उतरायच्या वीस मिनिटं आधी आणि दर दोन तासांनी परत. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नका, त्याला सावलीतच ठेवा.

एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. दुसऱ्या दिवशी एकच बाहेरचं ठिकाण : आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, कारण तिथे देवळाजवळपर्यंत गाडी जाते आणि वरून समुद्र दिसतो. आसूदचा केशवराज सुंदर आहे, पण वाट पायऱ्यांची आणि चढाची आहे, तो मधल्या पिढीने मोठ्या मुलांना घेऊन सकाळी उरकावा. हर्णैचा मासळीचा लिलाव मुलांना जरूर दाखवा, बुटांनिशी, हात धरून. तिथली ओली वाळू आणि गर्दी आजी-आजोबांना झेपत नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून हलत्या काठावर पाय टाकावा लागतो, हे आधी सांगा आणि ज्यांना जमणार नाही त्यांना आग्रह करू नका. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर मूल होडीत बसणार नाही.

पैसे एकाच्याच हातात असावेत. प्रत्येक कुटुंबाने निघताना सारखी रक्कम जमा करायची, खर्च वहीत लिहायचा, परतल्यावर हिशोब. दर थाळीला पाकीट काढायची चढाओढ लागली की आजोबा अस्वस्थ होतात.

निघायच्या दिवशी समुद्रावर जाऊ नका, कितीही रडारड झाली तरी. ओले कपडे आदल्या रात्रीच गोड्या पाण्यात पिळून वाळत घाला, सकाळी आठला नाश्ता करून निघा, म्हणजे घाट उजेडात चढून होतो. गाडीच्या किल्लीला आदल्या रात्रीच रबर लावून चिठ्ठी अडकवा : "फ्रिजमधलं इन्शुलिन, दारावरची घंटी, बाथरूमची चटई." दातांची कवळी बहुतेक आरशाखालच्या फळीवर सापडते, तिथेही एकदा पाहा.